शिकाऊ हातांचे मोल

अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी न्यायालयात किंवा वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करून पदवीचे श्रेयांक मिळवतात. अमेरिकन बार असोसिएशनचा पूर्वी दंडक होता : श्रेयांक हवे असतील, तर मोबदला घ्यायचा नाही. पैसा आला की मालकाची निकड वरचढ ठरेल व शिक्षण मागे पडेल, ही त्यामागील भीती. ती अगदीच निराधार नव्हती. परंतु श्रेयांकांसाठी शुल्क भरायचे आणि वर विनामूल्य राबायचे, हा दुहेरी भार सामान्य घरातील मुलांनी कसा पेलावा? ऑगस्ट २०१६ मध्ये ही बंदी उठली. निर्णय महाविद्यालयांवर सोपवला गेला, प्राध्यापकांची देखरेख मात्र कायम राहिली.

आपल्याकडेही ५ वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची उमेदवारी सक्तीची आहे. वाचकहो, आपल्या पेढीचे करारमदार पाहणाऱ्या वकिलाकडे असाच एखादा विद्यार्थी कागद लावत बसलेला असतो. त्याचे गाडीभाडे नि जेवण कोणाच्या खर्चाने होते, हे आपण कधी विचारले आहे काय? त्याला विद्या मिळते, हे खरे. पण ज्याच्या श्रमाचा आपल्याला लाभ झाला, त्याच्या खाती काही जमा झालेच पाहिजे. खतावणीचा हा नियम विद्येच्या व्यवहारालाही लागू आहे.