सतरा म्हणजे वीसपैकी सतरा नव्हे!

मागच्या पावसाळ्यात कोळवणला एका मित्राच्या फार्महाऊसवर आमची नेहमीची चौकडी जमली. मुक्काम तिथेच, त्यामुळे रात्री गाडी चालवायचा प्रश्न नव्हता. बाहेर भातखाचरं तुडुंब आणि आत टेबलावर ताकेत्सुरू 17. एकाने जपानहून आणून कैक वर्षं कपाटात जपलेली. आधी बाटलीचे फोटो झाले, मग एकेक घोट, मग एकमताने निकाल: "स्मूद!"

च्यायला, स्मूद म्हणजे काय? लस्सीपण स्मूदच असते की! पण मीही मान डोलावली. त्या डोलावण्याची लाज वाटली म्हणून हे लिहितोय.

आपण व्हिस्की चाखत नाही, लेबल वाचतो. आणि तेही धड वाचत नाही. ही ब्लेंडेड माल्ट. म्हणजे एकाहून जास्त डिस्टिलरींच्या माल्ट एकत्र केलेल्या, ग्रेन व्हिस्की अजिबात नाही. निक्काच्या योइची (1934) आणि मियागिक्यो (1969) या दोन ठिकाणच्या मालाचा हा मेळ. योइचीची भांडी थेट कोळशाच्या आचेवर तापतात, तिथला माल जड, धुरकट. मियागिक्योची वाफेवर, तिथला हलका, फळांच्या अंगाचा. लेबलवरचे 17 हे त्यातल्या सगळ्यात तरुण माल्टचं वय. सरासरी नव्हे, आणि गुण तर नव्हेच नव्हे.

आता जरा हिशेब करू. थंड स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के माल उडून जातो. आपल्या उकाड्यात 10 टक्के धरा. 17 वर्षांनी तिकडे 70 टक्के उरेल, इकडे जेमतेम 17! म्हणून गोव्याची पॉल जॉन किंवा बंगळुरूची अमृत कमी वयातच बाटलीत उतरते. ती काय कच्ची म्हणायची?

दुसरा धर्मनियम म्हणजे पाणी. मी चमचाभर घातलं तर "अरे, पाप करतोयस!" जपानमध्ये पाणी घालून पिण्याच्या रीतीला मिझुवारी असं चक्क नाव आहे. 2017 मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर सिम्युलेशन करून दाखवलं की पाण्यामुळे धुरकट वासाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. म्हणजे नाकाला जास्त कळतं. पण आपल्याला कळून घ्यायचंय कुठे?

मग मी एक खोडी काढली. आतून प्रत्येकासाठी दोन ग्लास भरून आणले, 'अ' आणि 'ब'. एकात ताकेत्सुरू, दुसऱ्यात गोव्याची सिंगल माल्ट. अट एकच: स्मूद हा शब्द बाद. पाच मिनिटं शांतता. मग हळूहळू शब्द फुटले. जुनं लाकडी कपाट, मनुका, विझलेली चूल. आणि बाटली आणणाराच म्हणाला, "मला 'अ' नाही आवडली यार, शेवटी तोंड कोरडं पडतं." 'अ' म्हणजे ताकेत्सुरू. मला स्वतःला तीच जास्त आवडली होती. पण त्या रात्रीचं पहिलं खरं वाक्य त्याचं होतं.

सकाळी जेवणात आंबेमोहर होता. वाढणाऱ्या काकू सहज म्हणाल्या, "नवा आहे, वास बघा कसा. मोकळा भात हवा असेल तर जुना घ्यायचा." बस्स! वय म्हणजे दर्जा नाही, स्वभाव आहे. तांदळाच्या बाबतीत हे आपल्याला बिनतक्रार पटतं, पण बाटली विदेशी झाली की अक्कल गहाण.

यात नुकसान कोणाचं? मागणी एवढी वाढली की जुन्या पिंपांचा साठा पुरेना. 2020 मध्ये निक्काने ताकेत्सुरू 17, 21 आणि 25 बंद केल्या. उरलेल्यांपैकी कित्येक बाटल्या आज कोणाच्या तरी कपाटात 'गुंतवणूक' म्हणून उभ्या आहेत. ज्यांनी 17 वर्षं वाट बघून ती केली, त्यांनी काय फोटोसाठी केली?

तेव्हा मंडळी, असेल तर उघडा. लेबल झाका, पाणी घाला, आणि नाही आवडली तर तसं सांगा. जीभ तुमची आहे, निकालही तुमचाच असू द्या.