घरांतील गाणें : आसुरी कंठांतील अवतार

मुंबईचें ‘डेमॉनिक रेझरेक्शन’, म्हणजे आसुरी पुनरुत्थान, हें कर्कश ‘मेटल’ संगीताचें मंडळ सन २००० सालचें. २०१० सालीं अंधाराकडे परतण्याचा संग्रह काढणाऱ्या या मंडळींनीं २०१७ सालीं काढला ‘दशावतार’! मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा इंग्रजी गीतें, बहुतांशीं गुरगुरत्या आवाजांत.

कोल्हापुरांतील आमच्या घरीं पुतण्यानें तीं लाविलीं, तेव्हां दादा देवघरांतून उठून आले. देवाचीं नांवें असल्या कंठानें घ्यावींत काय? रात्रीचें जेवण अबोल्यांत झालें. आमचें मत विचाराल तर, खांब फोडून निघालेला नृसिंह मंजुळ कसा गाईल? (मुरलीधराची गोष्ट निराळी.) शिवाय, गेलेल्या आवाजांतून नवी गायकी घडविणारे अल्लादियाखां याच गांवचे दरबारी गवई होते.

दुसऱ्या दिवशीं दादांनीं ‘नृसिंह’ पुन्हां लावावयास सांगितलें. मात्र दार लोटून.