वृद्धाश्रमाला पंखे पुरेत, आता माणसे द्या

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की पारावर एकच सूर लागतो. ‘ही शहरातली थेरं. आपल्याकडं म्हातारा-म्हातारी घरातच असतात.’ मंडळी, असतात हे खरे, पण कुणाबरोबर असतात? दसरा-दिवाळी झाली की बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता धरणारी जोडी कारखान्यावर जाते आणि वस्तीवर मागे राहतात म्हातारी माणसे अन् शाळेतली पोरे. ज्यांची मुले चाकणला, वाळूजला कंपनीत लागली, त्यांच्या घरात तर पोरेही नाहीत. दोन माणसे आणि एक म्हैस. त्यातले एक माणूस गेले की म्हैसही विकली जाते.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसे दहा कोटींच्या वर होती. त्यांतली शंभरातली सत्तरहून जास्त खेड्यांत राहत होती. तेव्हा हा प्रश्न आधी खेड्याचा आहे, शहराचा नंतर.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९९५ साली राज्यात मातोश्री वृद्धाश्रमाची योजना आली. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. पण कलम नीट वाचा. शासन असा आश्रम काढू ‘शकेल’, असे तिथे आहे. ‘काढील’ असे नाही. एवढ्या एका शब्दाने खरा भार जाऊन पडतो तो धर्मादाय संस्थांवर, म्हणजे तालुक्याबाहेर माळावर पत्र्याच्या दोन खोल्या टाकून सुरू झालेल्या विश्वस्त मंडळांवर.

त्या चालवणाऱ्याला जाऊन विचारा, काय कमी आहे? पंखे कमी नाहीत. पंखे, खुर्च्या, घड्याळे, पाण्याचे फिल्टर भरपूर असतात, कारण त्यांच्यावर देणगीदाराचे नाव घालता येते. सभागृहही मिळते, कोनशिलेसकट. मिळत नाही तो रात्री दोन वाजता उठून म्हाताऱ्याचे अंथरूण बदलणाऱ्या बाईचा पगार. पगारावर कुणाचे नाव कोरायचे?

दुसरी गंमत जेवणाची. वाढदिवस, वर्षश्राद्ध, पुढाऱ्याचा अभीष्टचिंतन सोहळा, या सगळ्याला आपण आश्रमात गोडाधोडाची पंगत देतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, शंका नाही. पण समोरच्या पंगतीत किती जणांना साखरेचा आजार आहे, ते कुणी विचारत नाही. एकाच रविवारी दोन पंगती होतात आणि पुढच्या मंगळवारी तूरडाळ उधार आणावी लागते. जिलेबीपेक्षा खळ्यावरून एक पोते ज्वारी आणि महिन्याला दहा लिटर दूध दिलेत तर ते कामी येते. शेतकऱ्याला हे सोपेही आहे.

आता हिशोब पाहा. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला २०२३ पासून महिन्याला दीड हजार रुपये ठरले आहेत. दिवसाला पन्नास रुपये झाले. त्यात दोन वेळचे जेवण, चहा, रक्तदाबाची गोळी आणि साबण बसवून दाखवा. बरे, आश्रमात आलेल्या माणसाला हे पन्नास तरी हातात पडतात का? खाते गावच्या बँकेत, पासबुक मुलाकडे किंवा पुतण्याकडे. हयातीचा दाखला द्यायचा तर माणूस गावात नाही म्हणून नाव कमी होते. रेशनकार्डावर नाव घरच्यांबरोबर, धान्य तिकडेच उचलले जाते. अंगठा लावायचा तर उभा जन्म खुरपे धरून बोटांच्या रेषाच पुसलेल्या. मशीन म्हणते, हा माणूस तो नव्हे!

केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत संस्थांना निराधार वृद्धांच्या आश्रमासाठी अनुदान आहे. पण ते हप्त्याने येते, आणि किराणावाल्याची उधारी दर महिन्याला भागवावी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चात वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे. तो पैसा मिळवायचा तर प्रकल्प अहवाल लिहिता आला पाहिजे, इंग्रजीत बोलता आले पाहिजे. शहरातल्या संस्थेकडे तसा माणूस असतो. माळावरच्या आश्रमात हिशोब लिहिणारा, गाडी चालवणारा आणि दवाखान्यात नेणारा बहुधा एकच असतो. धर्मादाय आयुक्तांकडचे हिशोबपत्रक, लेखापरीक्षण, आयकर सवलतीची २०२१ पासून नव्याने करावी लागलेली नोंदणी, हेही त्याच्याच गळ्यात. हिशोब तपासला जावा, याबद्दल माझे दुमत नाही. आश्रमाच्या नावावर पावत्या फाडत फिरणारेही असतात. मात्र तपासणीचा जाच प्रामाणिक लहान संस्थेलाच जास्त होतो.

सर्वांत अवघड गोष्ट वेगळीच आहे. पूर्वी आश्रमात येणारी माणसे हिंडती-फिरती होती, बागेला पाणी घालायची, भाजी निवडायची. आता आयुष्य वाढले आहे. माणूस येतो तोच ऐंशीच्या घरात, पडून मोडलेल्या खुब्यासकट, नाहीतर विसरभोळेपणा इतका वाढलेला की स्वतःचे गाव आठवत नाही. म्हणून अनेक आश्रमांच्या नियमावलीत अट असते की स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे. अट निर्दय वाटते, पण माणसे नसतील तर संस्थेने तरी काय करावे? मग ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्यालाच दार बंद. ७० वर्षांवरच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. पण तो विमा दवाखान्यात दाखल झाल्यावरचा. दवाखान्यातून परत आणल्यावर कूस कोण बदलणार?

म्हणून काही संस्था आता वेगळ्या वाटेने जात आहेत. खाटा वाढवण्याऐवजी घरपोच डबा, दिवसभर बसायला विरंगुळा केंद्र, आठवड्यातून एकदा परिचारिकेची फेरी. मला हे पटते. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा उंबरा सुटत नाही, आणि एका खाटेच्या खर्चात चार-पाच घरांचे डबे जातील. गावात महिला बचत गट आहेतच. डब्याचे काम त्यांना दिले तर चार बायकांना रोजगारही होईल.

आता थोडे शेतकरी वाचकांशी, जमिनीबद्दल. पोरांच्या नावावर सगळे करून मोकळे होण्याची आपल्याला फार घाई. ‘आज ना उद्या त्यांचंच आहे’ म्हणून अंगठा दिला जातो. २००७ च्या त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात सोय आहे. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिले आणि नंतर सांभाळले नाही, तर प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येते. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. तरी २०२२ साली त्याच न्यायालयाने अट असणे जरुरीचे मानले होते, हे विसरू नका. तेव्हा दस्तात अट स्पष्ट लिहून घ्या. लेखनिक म्हणेल, ‘कशाला, घरचाच मामला आहे.’ त्याचे ऐकू नका. पोटगीचा अर्जही तिथेच करता येतो.

सरकारी नोकरांनी तर वेगळा धडा पाहिलेला आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० साली आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून तीस टक्के कापून ते आई-वडिलांच्या खात्यावर टाकण्याचा ठराव केला होता. बाकीच्या जिल्हा परिषदांना असे करायला कुणाची आडकाठी आहे?

सरपंच आणि भाऊसाहेबांना (तलाठ्यांचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, काम तेच) एवढीच विनंती. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, फळे वाटून फोटो निघतात. दुसऱ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. त्या सभेत गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी वाचा. गावाबाहेर आश्रमात गेलेले कोण, त्यांचा हयातीचा दाखला कुणी आणायचा, पासबुक कुणाकडे आहे, हेही विचारा. आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात डब्याच्या खर्चाची एक ओळ घाला. यादी आधी दोन दिवस फळ्यावर लावली तर आणखी बरे, सुटलेली नावे लोकच सांगतील.