हुर्राकाची पारख

मेव्हणा अमेरिकेहून आला तेव्हा वडिलांसाठी एक बाटली घेऊन आला. ‘तिकडे ही साध्यातली समजतात हं,’ असे त्याने आधीच सांगून टाकले. बाटली बर्बनची. या व्हिस्कीत कायद्यानेच किमान 51 टक्के मका लागतो. जोडीला बहुधा राय हे धान्य घालतात. या बाटलीत त्याऐवजी गहू होता. आतून जाळून काळ्या केलेल्या ओकच्या नव्या पिंपात ती मुरवतात. सासऱ्यांनी घोटभर घेतली, डोळे मिटले आणि निकाल दिला, ‘छलो ऐती! घशाला लागत नाही.’

रायचा तिखटपणा नसल्याने गव्हाची बर्बन मऊ लागते, आणि व्हॅनिलासारखा वास येतो तो लाकडाचा. साध्या बाटलीचे काम एवढेच, की जी चव सांगितली ती तिने प्रामाणिकपणे द्यावी. ते तिने केले होते. भारी बाटली पुष्कळदा याच जातीची, फक्त अधिक वर्षे मुरलेली असते.

एप्रिल होता. पुढच्याच शनिवारी आम्ही चोर्ला घाट उतरून केरी, साखळी करत डिचोली तालुक्यात आत्याकडे मुक्कामी गेलो. काजूचा हंगाम ऐन भरात होता. संध्याकाळी आतोबांनी शेजारच्या भट्टीवरचा ताजा हुर्राक आणला, त्यात लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घातली. सासऱ्यांनी पेला उजेडात धरला. ‘मामा, ही आमची साध्यातली,’ आतोबा हसून म्हणाले.

वाचकहो, आपल्याकडे बोंडूला कन्नडमध्ये गेरू हण्णू म्हणतात. त्याचा रस आंबवून पहिल्यांदा उकळला की हुर्राक मिळतो. त्यात मद्यार्क साधारण 15 टक्के. हाच हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी, सुमारे 42 टक्क्यांची. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते फेणीला. हुर्राक बिचारा धाकट्या भावासारखा मागेच राहिला.

आतोबांनी पारख शिकवली. आधी मिरची-लिंबाशिवाय एक घोट घ्यायचा. थेंबभर तळहातावर चोळून वास घ्यायचा. पिकल्या बोंडूचा वास टिकून राहिला पाहिजे. नुसता स्पिरिटचा भपकारा आला तर बाटली परत करायची. करपट वास आला तर आच जास्त झाली असे समजायचे. आणि हुर्राक ताजाच हवा. तो फेणीसारखा ठेवणीतला नाही. गणपतीपर्यंत कोणी ‘ताजा हुर्राक’ विकत असेल तर नमस्कार करून पुढे जावे.

सासऱ्यांना चव आवडली. सकाळी भट्टीवर जाऊन त्यांनी विचारले, ‘एष्ट्री?’ भाव ऐकून घासाघीस सुरू केली. ‘पिंपात मुरवायचा खर्च नाही, वर्षे थांबायचे नाही, मग एवढे कसले?’ खरे सांगायचे तर मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला.

भट्टीवाले काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हाला बागायतीत नेले. बोंडू झाडावरून तोडायचा नाही. पिकून आपोआप खाली पडेल तोच उचलायचा. उतारावर वाकून वाकून अर्धी टोपली भरेपर्यंत सासऱ्यांची कंबर धरली. मग बिया पिळून वेगळ्या काढायच्या, बोंडू तुडवायचे, लगदा दगडाखाली दाबायचा, रस दोन-तीन दिवस आंबवायचा आणि भट्टीशी आच सांभाळत बसायचे. शिवाय अबकारी खात्याच्या पावणीत बोली लावून ही बागायत घेतलेली. हंगाम उणापुरा तीन महिन्यांचा. अवकाळी पाऊस झाला तर तेवढाही नाही.

‘मुलगा मदतीला असतो?’ मी विचारले.

‘तो मोपाला जातो कामाला.’ पेडण्यातल्या मोपा पठारावर जानेवारी 2023पासून विमाने उतरू लागली, तिथे. ‘महिन्याच्या महिन्याला पगार. भट्टी माझ्यापुरतीच.’

परत येताना सासरे गप्प होते. मग म्हणाले, ‘पोरगा ती बाटली विकत घेताना दुकानदाराशी भांडला असेल काय? छापील किंमत दिली आणि वर स्वस्त पडली म्हणाला. आणि आपण इथे या माणसाशी दहा-वीस रुपयांसाठी...’

वाक्य त्यांनी पुरे केले नाही. सांगितला तो भाव मुकाट्याने देऊन दोन बाटल्या घेतल्या. घाट चढण्याआधी आतोबांनी परवान्याची आठवण केली; सीमेपलीकडे न्यायचे तर कागद हवाच. गाडी मी चालवणार होतो, म्हणून मला सकाळी थेंबही मिळाला नाही, हे आत्याचे शिस्तीचे काम.

स्वस्त म्हणजे हलके नव्हे, हे त्या गव्हाच्या बर्बनने सांगितले होतेच. पण आपण स्वस्त म्हणतो त्यातले किती कष्ट कोणाच्या कमरेवर टाकलेले असतात, हे हुर्राकाने सांगितले. भाव पाडून मागत राहिलो तर भट्टीवाल्याचा मुलगा मोपाहून परत कशाला येईल? आणि मग मिळेल ते स्पिरिट, काजूचा वास मारलेले.

मे महिन्यात धारवाडहून फोन आला. ‘हुर्राक संपला. बर्बन आहे अजून, ती कुठे पळत नाही. आतोबांना सांगा, पुढच्या एप्रिलला दोन बाटल्या माझ्या नावाने ठेवायला सांगा. भाव विचारू नका.’