कार्ब्युरेटर टाकून देण्यापूर्वी

जुनी प्रीमियर पद्मिनी अडखळू लागली, की ‘कार्ब्युरेटरच बदला’ असा सल्ला मिळतो. माझ्या मते आधी कारण शोधावे.

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि बाहेरील वातावरणाचा दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. हाच बर्नुलीचा सिद्धांत.

जेटमध्ये कचरा अडकला असेल, तर सफाई पुरते. थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजली असतील, तर फटीतून जादा हवा शिरते; तेथे नवे बूश बसवावेत किंवा कार्ब्युरेटर बदलावा. मात्र २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलला हवा कमी लागते. म्हणून जुन्या मापाच्या जेटने मिश्रण विरळ होते. त्याच मापाचा नवा कार्ब्युरेटर आणला, तरी हा दोष उरणारच!

शिक्षकांनी भंगारातला एखादा कोरडा कार्ब्युरेटर वर्गात उघडून दाखवावा. विद्यार्थिमित्रांनो, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, ही प्रयोगशाळेतली शिस्त गॅरेजमध्येही तितकीच उपयोगी आहे.