धुराचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या एका सायझिंगवाल्याला नोटीस आली. बॉयलरमध्ये लाकडाऐवजी प्लास्टिकचा कचरा जळतो आणि चिमणीतून काळा धूर निघतो, असा तिचा मजकूर. नोटीस घेऊन तो माझ्या दुकानी आला. मी म्हटले, "भाई, हे बरोबर नाही. हाच धूर आपल्या मुलांच्या छातीत जातो." तो म्हणाला, "खरे आहे सेठ. पण दरवेळी घासाघीस करून मजुरी कमी कोण करतो? लाकडाचा भाव तुम्हाला माहीत आहे. एवढ्या मजुरीत मी काय जाळू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आपल्या बाजारात प्रदूषणाच्या कायद्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, हे कायदे छोट्या माणसाला संपवण्यासाठी आहेत. दुसरे म्हणते, काहीतरी देऊन निभावून नेऊ. दोन्ही मतांनी नुकसान कसे होते, हे तमिळनाडूतील तिरुपूरने पाहिले आहे.

तिरुपूर हे होजिअरीचे मोठे केंद्र. तेथील रंगाई कारखान्यांचे खारे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत जात होते. शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात तेच साचले आणि शेतकरी न्यायालयात गेले. मुदती मिळाल्या, मुदती टळल्या. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. मजुरांचे काम गेले, ऑर्डरी दुसरीकडे गेल्या. अनेक छोटे कारखाने पुन्हा उघडलेच नाहीत. त्यानंतर राज्य सरकारने सामायिक प्रक्रिया केंद्रांसाठी २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज जाहीर केले, आणि पाणी बाहेर न सोडता शुद्ध करून पुन्हा वापरण्याची पद्धत तेथे बसली. जे आदेशानंतर एकत्र येऊन केले, ते आदेशाआधी केले असते तर किती घरे वाचली असती!

पाण्याचे झाले तेच आता धुराचे व विजेचे होणार आहे. २०२१ साली ग्लासगो परिषदेत भारताने २०७० पर्यंत कार्बनचे नक्त उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन दिले. २०२५ साली देशाच्या स्थापित वीजक्षमतेत सूर्य, वारा, पाणी व अणुऊर्जा यांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. प्रत्यक्ष तयार होणारी बहुतेक वीज मात्र अजून कोळशाचीच आहे. युरोपने आयात होणाऱ्या पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मालावर २०२६ पासून कार्बनचा आकार लागू केला. कापड त्या यादीत नाही. पण उद्या असणार नाही, असे कोणी समजू नये.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागधारकाने काय करावे? माग मोटरवर चालतो, त्याला छपरावरची सौर वीज चालेल. पण कित्येकांची शेड भाड्याची आणि पत्रे जुने. यंत्रमागाला वीज सवलतीच्या दराने मिळते, त्यामुळे सौर यंत्राचा खर्च वसूल व्हायला वेळ लागतो. २०१७ साली भिवंडीत सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत छोट्या मागधारकाला सौर यंत्रासाठी सर्वसाधारणपणे निम्मे अनुदान होते. उरलेले निम्मे कोठून आणायचे? व्याजाच्या कर्जापासून दूर राहणाऱ्या घरात तर हा प्रश्न अधिकच कठीण. आता त्या योजनेची मुदतही संपली आहे.

सायझिंगची गोष्ट निराळी. तेथे वाफ लागते आणि छपरावरच्या सौर वीजेवर एवढा बॉयलर परवडत नाही. आज लाकूड किंवा शेतातील कचऱ्याचे ब्रिकेट हाच मार्ग. गुजरातेत अंकलेश्वरला एका केंद्रातून नळाने अनेक कारखान्यांना वाफ पुरवली जाते. पन्नास चिमण्यांपेक्षा एका चिमणीवर लक्ष ठेवणे सोपे, आणि खर्चही वाटून घेता येतो. आपल्या सायझिंगवाल्यांनी हा विचार जरूर करावा.

शासनाने दंडाच्या नोटिशीबरोबर मुदत आणि बिनव्याजी मदतही द्यावी. तमिळनाडूने दिली, महाराष्ट्राला ती अशक्य नाही. पण केवळ शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. सूत आमचे, कापड आमचे, नफाही आमचा. मग धुराचा खर्च एकट्या सायझिंगवाल्याच्या खात्यावर का? व्यापाऱ्यांनी मजुरी ठरवताना जळणाचा खर्च वेगळा धरावा, आणि जो प्लास्टिक जाळील त्याच्याकडे कोणीही सूत पाठवू नये.

त्या सायझिंगवाल्याला मी या महिन्यापासून मजुरी वाढवून दिली आहे. अट एकच, भट्टीचे दार मी केव्हाही उघडून पाहीन. मात्र शेजारचा व्यापारी स्वस्त मजुरीच शोधत राहिला, तर माझे कापड बाजारात महाग पडेल आणि ही गोष्ट चार महिनेही टिकणार नाही. म्हणून हे जाहीर लिहीत आहे. व्यापारी बांधवांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा, तोही न्यायालयाचा आदेश येण्याआधी.