दवा, दुआ आणि भाषा

मूल बहिरे आहे हे कळले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कधी ऐकू लागेल?’ त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: तोवर ते आपल्याशी कोणत्या भाषेत बोलणार?

गंगाखेडला माझा मामेभाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. मोहल्ल्यात सगळे त्याला ‘गुंगा’ म्हणतात. ‘ऐकू आले की शाळेत घालू’ म्हणत त्याची सात वर्षे दवाखान्यात आणि दर्ग्यात गेली. एवढ्या काळात त्याला धड एकही भाषा मिळाली नाही. भूक लागली हे तो सांगू शके, भीती वाटते हे नाही.

मी उपचारांच्या विरोधात नाही. कॉक्लिअर इम्प्लांट लवकर बसले आणि नंतर काही वर्षे बोलण्याचा सराव झाला, तर अनेक मुले बोलू लागतात. लहान मुलांसाठी सरकारी योजनेतून मदतही मिळते. पण यंत्र काढले की मूल पुन्हा कर्णबधिरच असते, आणि प्रत्येकाला सारखा फायदा होत नाही. म्हणूनच अनेक कर्णबधिर म्हणतात, आम्हाला फक्त रुग्ण समजू नका, आम्हाला आमची भाषा आहे.

‘इशारे शिकवले तर बोलणार नाही’ ही भीती जुनी आहे. १८८० मध्ये मिलानच्या परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषा हटवण्याचा ठराव केला. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने तो फेटाळला. आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने या भाषेला मान्यता दिली. २०२१ मध्ये भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश आला. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट पाहता येतात.

आपल्या फिकहने तर बोलू न शकणाऱ्याचा समजेल असा इशारा निकाहातही कबुली म्हणून मानला आहे. मग जुम्याच्या खुतब्यात त्याच्यासाठी इशाऱ्यांत सांगणारा एकही माणूस का नसावा?

मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. आपले गंगाखेड ज्या हैदराबाद संस्थानात होते, तिथलेच ते. नावाचा अभिमान बाळगायचा असेल तर कामही उचलू या. प्रत्येक मोहल्ल्यातल्या चार तरुणांनी ही भाषा शिकावी. डॉक्टरांकडे जरूर जावे, दुआही करावी. मुलाशी बोलणे मात्र आजच सुरू करावे.